दीड तासाचे अंतर आणि त्यापलीकडचे

मुंबई आणि नागपूर या दोन शहरांतील हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. जेट विमानाचा वेग पाहता हा पल्ला तासाभरात कापला जावा. परंतु वेळापत्रकात त्यासाठी साधारणतः दीड तास धरलेला असतो. मुंबईच्या धावपट्टीवरील गर्दी, उड्डाणापूर्वीचा खोळंबा आणि उतरण्यापूर्वी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांचा हिशेब त्यात असतो. रेल्वेने याच प्रवासाला एक रात्र लागते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण झाल्यापासून मोटारीचा प्रवासही सुमारे आठ तासांवर आला आहे. ही प्रगती निःसंशय अभिनंदनीय आहे. तथापि, प्रवासाचा वेळ घटला म्हणून राजधानी आणि विदर्भ यांच्यातील अंतरही घटले काय, हा प्रश्न उरतोच.

नागपूर हे काही आडवळणाचे गाव नव्हे. १९५६पर्यंत ते तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होते. १९४९मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने नागपुरातच एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. राजधानीचा मान सोडून हे शहर मराठी भाषकांच्या एका राज्यात सामील झाले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात त्याला आश्वासन मिळाले की, शासन दरवर्षी निश्चित काळासाठी नागपुरास येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरेल.

या कलमाचा आशय केवळ सभागृहाची जागा बदलण्याचा नव्हता. राज्यकर्त्यांनी विदर्भात राहावे, तेथील माणसांना भेटावे, हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात प्रवास जसजसा वेगवान झाला, तसतसा मुक्काम आखडत गेला. अलीकडे हिवाळी अधिवेशन बहुधा एक-दोन आठवड्यांत आटोपते. दीड तासात येता येते, तसे दीड तासात परतताही येते!

खरी कसोटी नागपूरच्या विमानतळाबाहेर सुरू होते. गडचिरोली तेथून सुमारे १७० किलोमीटर. भामरागड त्याही पलीकडे तितकेच दूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणजे मंत्रालयातून निघालेला अधिकारी नागपुरास पोहोचण्यास जेवढा वेळ घेतो, त्याहून अधिक वेळ भामरागडच्या रुग्णाला नागपूरचे रुग्णालय गाठण्यास लागतो. राज्य एकच, पण त्यातील अंतरे मात्र माणसागणिक निराळी.

दूरसंचाराच्या युगात अधिवेशनाचा हा खर्च कशासाठी, असे काही जण विचारतात. केवळ उपचार म्हणून होणाऱ्या अधिवेशनाबाबत हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरचा उपाय अधिवेशन बंद करणे हा नसून त्याला मूळचा अर्थ परत देणे हा आहे. सभागृहाचे कामकाज संपल्यावर प्रत्येक खात्याच्या मंत्र्याने व सचिवाने विदर्भातील एका तालुक्यात आठवडाभर मुक्काम करावा, तेथवर रस्त्यानेच जावे आणि काय पाहिले ते पुढील अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावे. कराराला अभिप्रेत असलेला निश्चित काळ तो हाच. विमानाने वाचवलेला वेळ अशा मुक्कामासाठी वापरला, तरच मुंबई आणि विदर्भ खऱ्या अर्थाने जवळ येतील.