डॉ. रूथ : उथळपणाचा आरोप निराधार

संपादक महाशय,


गतांकातील पत्रलेखकांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील लैंगिक सल्लागार डॉ. रूथ वेस्टहायमर यांची संभावना ‘चावट बोलून नाव कमावलेली बाई’ अशी केली आहे. हा निवाडा दप्तर न पाहताच दिलेला दिसतो.

१९२८ साली जर्मनीत ज्यू कुटुंबात जन्मलेली, १९३९च्या जानेवारीत, वयाच्या दहाव्या वर्षी, आईचा व आजीचा निरोप घेऊन फ्रँकफुर्टहून स्वित्झर्लंडच्या आगगाडीत बसलेली आणि आईबापांना पुन्हा कधीही न पाहिलेली ही मुलगी, तेथील अनाथाश्रमात मुलींच्या वाट्याला केवळ घरकामाचेच शिक्षण येत असल्यामुळे, एका मित्राची पाठ्यपुस्तके रात्री चोरून वाचत असे. पुढे १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात जेरुसलेम येथे तोफगोळ्याने तिचे पाय जायबंदी झाले. तथापि पॅरिस व न्यूयॉर्क येथे अध्ययन करून, मध्यंतरी हार्लेममध्ये कुटुंबनियोजनाचे काम करीत, बेचाळिसाव्या वर्षी तिने कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. नभोवाणीवरील पंधरा मिनिटांचा कार्यक्रम १९८० साली आणि दूरचित्रवाणीवरील १९८४ साली सुरू झाला, तो ह्या पूर्वतयारीनंतर.

शरीराच्या अवयवांची नावे ती संकोच न करता, पण वैद्याच्या गांभीर्याने घेई. एड्सच्या भयाने समाज मूक झाला असताना तिने निरोधाचा उघड पुरस्कार केला. विनोद हे तिचे साधन होते, साध्य नव्हे. मतभेद खुशाल असोत. मात्र बदनामीला पुरावा लागतो.



आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे