गुणपत्रिकेतला १.३



गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अब्बांसोबत घरी आली. चिपळूणचे कुटुंब. दहावीपर्यंत तिने आमच्याकडे उर्दू आणि मराठीचे धडे घेतले, आता पुण्यात भूगोल घेऊन एमएस्सी करते. अब्बांच्या हातात एक फॉर्म होता. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात एक सत्र शिकायला जाण्यासाठी तिची निवड झाली होती. तिच्या कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार होता.

"सर, सही करू की नको? तुम्ही सांगा," अब्बा म्हणाले.

आम्ही आधी खर्च विचारला. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला त्या प्रांतात एका सत्राला १,५०० युरो फी पडते. करारातून जाणाऱ्याला ती माफ असते, आपल्या कॉलेजची फी तेवढी भरायची. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र आपला. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने रक्कम आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावी लागते, मग तिथे गेल्यावर दरमहा तेवढीच हातात येते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सहा लाखांच्या आसपास. अब्बांनी २२ वर्षे कुवेतला काढली आणि परत येऊन बाजारात दुकान टाकले. २०२१ च्या पुरात ते दुकान छपरापर्यंत बुडाले होते. त्यातून पुन्हा उभे राहून साठवलेले हे पैसे.

पैशापेक्षा मोठा प्रश्न घरात होता. मामूंचे म्हणणे, मुलीला एकटीला इतक्या लांब कशाला पाठवायचे? त्यांची काळजी खोटी नव्हती. घरच्यांनी आपल्या आलिमांना विचारले. राहण्याची सोय कशी आहे, सोबत कोण आहे, याची चौकशी केली. त्याच कॉलेजातली आणखी एक मुलगी सोबत जाणार होती. तरीही निर्णय होईना, तेव्हा दादी बोलल्या. "तू बावीस वर्षं कुवेतला राहिलास. तू जाताना मी कुणाला विचारलं होतं? ही सहा महिने शिकायला जाते, तर अख्ख्या मोहल्ल्याला विचारायचं?"

इमाम बुखारी सोळा वर्षांचे असताना आई आणि भावासोबत हजला गेले आणि इल्मसाठी तिकडेच थांबले, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. एका आईने आपल्या मुलाला मागे ठेवून परतीची वाट धरली होती. ते आठवले आणि आम्हीही म्हणालो, "सही करा." फॉर्मवर सही झाली.

ऑक्टोबरमध्ये तिचे वर्ग सुरू झाले. दर जुम्याला ती आम्हाला व्हॉइस मेसेज पाठवायची. पहिला मेसेज भुकेचा होता. शनिवारी सामान घ्यायचे राहिले, आणि जर्मनीत रविवारी दुकाने बंद. सोबत नेलेल्या चिवड्यावर दिवस निघाला. दुसरा मेसेज वेळेचा. वेळापत्रकात दहा लिहिलेले, ही पावणेदहाला जाऊन बसली तर वर्गात कुणी नाही. तिथे वेळेपुढे दोन छोटी अक्षरे असली की तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ही विद्यापीठांची जुनी रीत आहे. ती अक्षरे नसतील तेव्हा मात्र ठोक्याला हजर राहावे लागते.

वसतिगृहात चौघींत एक स्वयंपाकघर होते. हिने आपला तवा आणि पातेले वेगळे ठेवले, कारण सांगितले, कुणाला त्याचे वावगे वाटले नाही. तुर्की दुकानातून हलाल मटण आणायचे, विद्यापीठाच्या खाणावळीत शाकाहारी ताट घ्यायचे. एकदा तिने सुका जवळा परतला. तिघींनी मिळून सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि मग त्यातलीच एक ताटली घेऊन आली.

डिसेंबरमध्ये तिथे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. जोहर, असर, मगरिब एकामागोमाग येतात, आणि तास नेमके त्याच वेळेत. ती रिकामी खोली शोधून नमाज पढायची. एकदा तिच्या मास्तरीणबाईंनी दार उघडले, पाहिले आणि हळूच लावून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारले, "रोज किती वाजता खोली लागेल?"

अल्लामा इक्बाल १९०७ मध्ये याच गावी जर्मन शिकायला राहिले होते. नेकर नदीच्या काठावरच्या संध्याकाळीवर त्यांची एक नज्म आहे, आणि आज तिथे नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. आम्ही तिला म्हणालो, त्या रस्त्यावर एक फेरी आमच्या वतीने मार. ती गेली. पण परत आली ती पुराची गोष्ट घेऊन. १७८४ मध्ये बर्फ आणि पुराच्या लोंढ्याने नेकरवरचा तिथला जुना पूल नेला, मग १७८८ मध्ये आजचा दगडी पूल उभा राहिला. पुलापाशी पुराच्या पाण्याच्या खुणा दगडावर कोरून ठेवल्या आहेत. "सर, आपल्या घराच्या भिंतीवर पण पाण्याची रेघ आहे. अब्बांनी तिच्यावर रंग मारला. इथल्या लोकांनी कोरून ठेवली."

तिचा एक विषय नद्या आणि पूर असा होता. तिथे मास्तर बोलणार आणि मुले लिहिणार, असे फारसे नसते. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, वर्गापुढे मांडायचा, प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि सत्र संपल्यावर त्यावर वीस-पंचवीस पानांचा निबंध लिहायचा. वर्गातली बरीच मुले आर नदीच्या खोऱ्यावर बोलली. १४ आणि १५ जुलै २०२१ ला तिथे आलेल्या पुरात १३० हून अधिक माणसे गेली होती. हिने वाशिष्ठी घेतली. चिपळूणचा पूर २२ जुलै २०२१ चा, म्हणजे त्यानंतर आठवड्याभराने.

तिने नकाशा लावला आणि घाटमाथ्यावरचा पाऊस, नदीतला गाळ, खाडीची भरती, कोयनेच्या वीजप्रकल्पातून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणारे पाणी, हे सगळे एकेक करून मांडले. शेवटी आपल्या दुकानाचा फोटो दाखवला. बोलणे संपले तशी सगळी मुले बाके ठोकायला लागली. ही घाबरली. काही चुकले की काय? नंतर कळले, तिथे विद्यापीठात टाळ्यांऐवजी असेच बाके वाजवतात.

त्या विषयात तिला १.३ मिळाले. फोनवर ऐकून अब्बांचा आवाजच बसला. मग तिने समजावले की जर्मनीत १.० सर्वांत वरचा गुण, ४.० ला पास, ५ म्हणजे नापास. अब्बांनी संध्याकाळी मोहल्ल्यात मिठाई वाटली.

रमजान सुरू झाल्यावर काही दिवसांनी ती परत आली. आणि इथून पुढची गोष्ट सांगायलाच आम्ही हा लेख लिहायला घेतला आहे.

कॉलेजच्या ऑफिसात तिने गुणपत्रिका दिली. क्लार्कने १.३ वर बोट ठेवून विचारले, "दहापैकी?" तिने सगळे समजावले. पण अडचण पुढे होती. युरोपात एका सत्राचे ३० क्रेडिट धरतात, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम, त्यात घरी केलेले वाचन-लेखनही आले. आपल्याकडे सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट, आणि मोजणी वेगळी. चार विषयांपैकी ज्या दोघांची नावे इथल्या अभ्यासक्रमाशी जुळली, ते दोन मिळाले. नद्या आणि पूर हे नाव इथल्या यादीत नव्हते, म्हणून तो विषय गेला. जर्मन भाषेचाही गेला. आता त्या जागचे दोन पेपर तिला येत्या हिवाळ्यात खालच्या वर्गासोबत द्यायचे आहेत. पदवीला सहा महिने उशीर.

यात आमचीही चूक आहे. जाण्याआधीच्या कागदांत एक पान असे होते, ज्यावर तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या बदली धरायचा, हे लिहून विभागप्रमुखांची सही घ्यायची होती. ते रजेवर होते. आम्ही म्हणालो, "बेटा, नंतर बघू, कॉलेजवाले घेतील सांभाळून." तिने आमचे ऐकले. शिक्षकाच्या एका वाक्याची किंमत एका मुलीने सहा महिन्यांनी मोजली.

अशी गोष्ट आधीही घडली आहे. सोफिया कोर्राडी नावाची इटलीची एक मुलगी रोममध्ये कायदा शिकत असताना शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. १९५८ मध्ये तिच्या रोमच्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला नकार दिला. अपमान करून परत पाठवले. ती गप्प बसली नाही. बाहेर शिकलेले घरी धरले गेलेच पाहिजे, यासाठी तिने वर्षानुवर्षे सरकारांचे आणि विद्यापीठांचे दरवाजे ठोठावले. १९८७ मध्ये युरोपात एरास्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले, पुढे लाखो गेले. आता तर आपल्याकडच्या विद्यापीठाचा करार असेल तर इथली मुलेही त्या योजनेतून जाऊ शकतात. लोक कोर्राडीबाईंना 'एरास्मसची आई' म्हणू लागले.

म्हणून आपल्या घरातले कुणी निघाले असेल तर तीन गोष्टी आधी करा. विषयाला विषय लिहून, क्रेडिटसकट, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घ्या. गुणांचे रूपांतर कसे करणार, तेही लेखी घ्या. आणि तिथल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासांची संख्या, लिहिलेले निबंध, सगळे जपून आणा. आपले सत्र जूनला सुरू होते, त्यांचे ऑक्टोबरला. मधल्या परीक्षांचे काय, हेही तोंडी ठेवू नका.

हे कॉलेजचे झाले. पण घरीही एक ऑफिस असते. ती आल्यावर पाहुण्यांची रीघ लागली. सगळ्यांचे प्रश्न तेच. खाल्लंस काय? थंडी किती होती? नमाज सुटली नाही ना? आता स्थळं बघायची ना? हे प्रश्न मायेचेच आहेत. पण शिकलीस काय, हे कुणी विचारले नाही. कुवेतहून आलेल्या अब्बांनी काय आणले, हे आपण बॅगा उघडून बघायचो. या पोरीने आणलेले बॅगेत नव्हते, म्हणून कुणी उघडून बघितलेच नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे शीरखुर्मा प्यायला गेलो. दादी पलंगावर बसल्या होत्या. त्या नातीला म्हणाल्या, "ते पाण्याचं काय शिकलीस, ते मला सांग. त्या रात्री पाणी एवढं वर का आलं?"

तिने वही काढली आणि नकाशा काढू लागली. मामू खुर्ची पुढे ओढून बसले. अब्बा भिंतीवरच्या त्या रंगवलेल्या जागेजवळ जाऊन उभे राहिले आणि रेघ कुठे होती ते हाताने दाखवू लागले.

अल्लाह सगळ्या लेकरांचे इल्म कबूल करो, आणि आपल्याला ते विचारण्याची तौफीक देवो. आमीन.