फॉरमॅट मारण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे सातवा विषय होता: जुने संगणक निर्लेखित करून नवे घेणे. संगणक सहा आहेत, २०१६ साली देणगीतून आलेले. त्यांतले पाच बटण दाबले की सुरू होतात. सहाव्याला जरा थापटावे लागते, पण तो पहिल्या दिवसापासूनच तसा आहे. मग काढायचे कशासाठी? तर पडद्यावर सूचना येते की विंडोज १० चे अपडेट बंद झाले, आणि पुरवठादार म्हणतो, आता व्हायरस शिरणार. दरपत्रक त्याने सोबतच आणले होते. मी विषय पुढच्या सभेवर ढकलायला लावला, त्यावर थोडी कुरकुर झाली. हाच विषय जिल्हा परिषदेच्या शाळांत, ग्रामपंचायतींत, पतसंस्थांत आज ना उद्या निघणारच आहे, म्हणून माझे मुद्दे लिहून काढले.

१. आधी नेमके काय झाले ते. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट थांबवली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पडणारही नाही. पण यापुढे त्या प्रणालीत जी भोके सापडतील ती बुजवायला कोणी येणार नाही, आणि इंटरनेटला जोडलेल्या सार्वजनिक संगणकासाठी ही गोष्ट खरोखर गंभीर आहे. पुरवठादार तेवढ्यापुरता खरे बोलतो. विंडोज ११ टाकावे, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचे सहाव्या पिढीचे आहेत. जुगाड करून विंडोज ११ बसवता येते, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही, म्हणजे फिरून पुन्हा तिथेच. पैसे भरून मुदतवाढही मिळते: कंपन्या-कार्यालयांना पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. तीन वर्षांचे मिळून एका मशीनमागे ४२७ डॉलर होतात. शिक्षणसंस्थांना हीच मुदतवाढ अगदी नाममात्र दरात आहे. ज्या शाळेकडे रीतसर परवाने आहेत तिने ती जरूर घ्यावी. अडचण 'रीतसर' या शब्दापाशी येते.

२. पाचशे रुपयांचे विंडोज. २०१९ मध्ये आमच्या एका संगणकाची हार्ड डिस्क गेली. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले, त्याने 'फॉरमॅट मारून' विंडोज टाकून दिले, पाचशे रुपये घेतले, खर्च 'संगणक दुरुस्ती' या सदरात पडला. त्या ठरावावर माझीही सही आहे. परवान्याची किंमत पाचशेच्या कितीतरी पट असते हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. कुणी विचारले नाही, एवढेच. चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे गुन्हा आहे. त्यात किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. कायद्याचे सोडा. अशी विंडोज 'चालू' करणारी जी छोटी फाइल असते, ती चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. चोराला आत घेण्यासाठी कुत्रा बांधून ठेवण्याचा हा प्रकार आपण अनुदानित संस्थांमध्ये वर्षानुवर्षे करत आलो आहोत.

३. पर्याय आहे, आणि तो नवा नाही. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहून सगळ्यांसाठी खुला केला. रिचर्ड स्टॉलमनचा ग्नू प्रकल्प त्याआधीपासून चालू होता, आणि दोन्ही मिळून जी प्रणाली उभी राहिली तिची आज अनेक रूपे आहेत: डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट. आपल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाची भारतीय आवृत्ती काढली. ज्यांना लिनक्स म्हणजे परग्रहावरची वस्तू वाटते त्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. विंडोजची सवय असलेल्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो, कारण त्यात मेनू डावीकडे खालच्या कोपऱ्यातच सापडतो आणि निम्मी भीती तिथेच जाते. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबीवर सुखाने चालते. तिची २२ क्रमांकाची आवृत्ती २०२४ मध्ये आली, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. फुकट. पैसे खर्चायचेच असतील तर फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. जुन्या मशीनला तेवढ्यानेच दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे वाटते.

वाचनालयांसाठी आणखी एक कारण आहे. कोहा हे ग्रंथालयाचे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवरच चालवले जाते. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय-न्यासासाठी ते तयार झाले आणि २००० सालापासून वापरात आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, देणगी. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला हे नाव परके वाटू नये.

४. विश्वास ठेवू नका, आधी चालवून पाहा. बहुतेक सभासदांना माहीत नसलेली गोष्ट ही की लिनक्स 'टाकण्याआधी' वापरून बघता येते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यायचा. मिंटच्या अधिकृत स्थळावरून सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवायची, तिथे दिलेल्या आकड्यांशी तिचा चेकसम जुळवायचा, आणि रुफस किंवा एचर या फुकट साधनाने ती पेन ड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, इथेच निम्मे लोक अडकतात आणि 'लिनक्स येत नाही' म्हणून मोकळे होतात. मग संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बदलते) दाबून पेन ड्राइव्हवरून बूट करायचे. हार्ड डिस्कला हात न लावता सगळी प्रणाली समोर उभी राहते. पेन ड्राइव्हवरून चालत असल्याने ती मंद वाटेल, वेगाचा निवाडा तेव्हा करू नये. पण वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर-स्कॅनर ओळखतो का, हे तासाभरात कळते. मी एका रविवारी हे केले. सगळे लागले, प्रिंटर लागला नाही. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तसला जुना लेझर प्रिंटर आहे तो, आणि त्याच्या ड्रायव्हरसाठी दुसरा अख्खा रविवार गेला. ज्यांना हे सगळे चुटकीसरशी होते असे कोणी सांगितले असेल, त्यांनी तो रविवार लक्षात ठेवावा.

५. बसवताना. 'डिस्क पुसून बसवा' या अर्थाचा एक पर्याय पडद्यावर येतो आणि तो खरोखरच सगळे पुसतो. ग्रंथांची दाखल नोंद, वर्गणीचा हिशेब, १९९८ च्या सुवर्णमहोत्सवाचे फोटो, सगळे. म्हणून आधी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती काढायच्या, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून बघायच्या. प्रत काढली पण उघडून पाहिली नाही, तर ती काढली नाही असेच समजावे. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते, तिची बिटलॉकर किल्ली आधी लिहून घ्यावी. बाकी अर्ध्या-पाऊण तासाचे काम. वाचकांसाठी वेगळे खाते काढावे, ज्यातून कुणाला काही बसवता किंवा उडवता येणार नाही. आणि मुख्य पासवर्ड बंद लखोट्यात घालून कार्यवाहांच्या कपाटात ठेवावा. आमच्याकडे तो एका उत्साही मुलाच्या डोक्यात होता आणि मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला.

६. मराठी. सभेत खरा विरोध इथून झाला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "माझी पत्रं त्यात उघडतील का?" उघडली, पण वाचता आली नाहीत: पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. दोष लिनक्सचा नव्हता. ती पत्रे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी 'क' हा क नसतोच, एखाद्या इंग्रजी अक्षराला घातलेला क चा मुखवटा असतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही त्या विंडोजवरही हेच होते, फक्त आपल्या कार्यालयाच्या चार भिंतींत ते कधी कळले नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे फलक आपण लावले, आणि त्या फलकाची मूळ फाइल शेजारच्या गावात उघडत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. बदलल्यावर जोडाक्षरे तपासत बसावे लागते, पण हे काम कधीतरी करायचेच आहे. प्रणाली बदलण्याच्या निमित्ताने ते उरकेल.

दुसरी अडचण बोटांची. टायपिंगच्या परीक्षा देऊन बसलेली बोटे टाइपरायटरच्या कळपाटावर चालतात. लिनक्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळपाट आधीपासून असतो, भाषांच्या यादीतून निवडला की झाले. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने अशी त्याची मांडणी आहे, ती आठ-पंधरा दिवसांत हातात बसते. बाईंना मी 'वाऱ्यावर' लिहून दाखवले: शिफ्टसह जे दाबले की ऱ, मग डी ने हलन्त, मग य, मग काना, की झाला आपला 'ऱ्या'. 'ळ' शिफ्टसह एन वर. विंडोजवरही इनस्क्रिप्ट अगदी हाच आहे, त्यामुळे हे शिकलेले कुठेच वाया जात नाही. मेनूही मराठीत करता येतात, पण भाषांतर अर्धवट आहे आणि काही प्रतिशब्द असे की त्यांचा अर्थ कळायला इंग्रजी यावे लागते. मी मेनू इंग्रजीत आणि लिखाण मराठीत ठेवले. कुणाला त्यात भाषाद्रोह दिसला तर दिसो.

७. जे चालत नाही ते. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. लिबरऑफिस वर्डच्या फाइली उघडते, पण तक्ते आणि समास कधी कधी सरकतात, आणि शासनाला पाठवायच्या नमुन्यात सरकलेला तक्ता म्हणजे परत आलेला प्रस्ताव. म्हणून कार्यवाहांच्या टेबलावरचा एक संगणक रीतसर परवान्याच्या विंडोजवर राहू द्यावा. सगळेच बदलू असा हट्ट धरला तर तो कसा अंगाशी येतो याचे उदाहरण जर्मनीत आहे: म्युनिक महापालिकेने सुमारे १५,००० संगणक वर्षानुवर्षे खपून लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले. त्यात राजकारण होते, कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. कशाचा वाटा किती यावर तिथे अजून वाद घालतात.

८. दुसरे उदाहरण जवळचे. केरळने २००१ मध्ये शाळांसाठी आयटी@स्कूल हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांतले संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. आज 'काइट' ही तिथली शासकीय संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती काढते, त्यात मल्याळम असते आणि वर्गात लागणारी साधने असतात. पण तिथे यश आले ते शिक्षकांना आधी शिकवले म्हणून. सीडी वाटून कार्यक्रम संपवला नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटीने गावोगाव संगणक नेला, हे तिचे मोठे काम मी नाकारत नाही. पण त्यातून संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे समीकरणही एका पिढीच्या मनात पक्के झाले. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे आहे. ते केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्यावर बंधनकारक नाही. मात्र जिल्हा परिषदेने संगणकखरेदीच्या निविदेत लिनक्सचा पर्याय का नको, याचे एक ओळीचे कारण लिहिणे सक्तीचे केले, तर त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

९. वाचलेले पैसे वाचवू नयेत. फुकट म्हणजे बिनखर्ची, असे समजून संस्था फसतात. महिन्यातून एक दिवस येऊन अपडेट करणारा, अडलेला प्रिंटर सोडवणारा माणूस हवाच, आणि त्याला मानधन हवे. तालुक्याच्या आयटीआयमधला किंवा तंत्रनिकेतनातला विद्यार्थी हे आनंदाने करील. अंदाजपत्रकात 'संगणक खरेदी' खोडून 'संगणक देखभाल' लिहायचे, एवढा बदल. तो सभेत पास करून घेणे मात्र पेन ड्राइव्हवरून बूट करण्यापेक्षा अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

१०. ठरावाचा मसुदा. "सहापैकी दोन संगणकांवर लिनक्स मिंट बसवावी, एक वाचकांसाठी, एक ग्रंथपालांसाठी. तीन महिने वापरून ग्रंथपालांनी अडचणींची लेखी नोंद ठेवावी. तोवर निर्लेखनाचा विषय स्थगित ठेवावा व उर्वरित संगणक इंटरनेटपासून तोडावेत, कार्यवाहांचा वगळून. कार्यवाहांच्या संगणकासाठी अपडेटच्या मुदतवाढीची चौकशी करावी." सूचक म्हणून माझे नाव घातले आहे. पुरवठादाराचे दरपत्रक या महिनाअखेर बाद होते, सभा त्याआधी आठ दिवस आहे, आणि अनुमोदक अजून मिळालेला नाही.