आधी विचारा, मग पाजा!

‘पाणी प्यायलं की ठसका लागतो,’ असे नांदगावचा लकव्याचा रुग्ण सांगतो आणि हातात ‘बेरियम स्वॅलो’ या गिळण्याच्या एक्स-रे तपासणीची चिठ्ठी घेऊन निघतो. एसटीने मालेगाव, नाहीतर रेल्वेने शंभरेक किलोमीटरवरचे नाशिक. तिथे पांढऱ्या पाण्याचा ग्लास पुढे येतो आणि हुकूम सुटला, ‘पिऊन टाका!’, की विषय संपला. ज्याला घोटभर पाणी गिळवत नाही, त्याला ग्लासभर बेरियम पाजणारी ही कुठली विद्या?

दोष तपासणीचा नाही. बेरियम सल्फेट रक्तात शोषले जात नाही. चुकून थोडे श्वासनलिकेत गेले तरी बहुधा खोकल्यासरशी बाहेर पडते. पण खोकलाच मेलेला असेल तर? पक्षाघातानंतर कित्येकांचा घास ठसकाही न लागता फुप्फुसात उतरतो. नातेवाईक मात्र खूश, ‘बघा, कसं छान प्यायले!’ बेरियम मोठ्या प्रमाणात उतरले तर फुप्फुसाच्या तळाशी साचते, दाह होतो, श्वास कोंडून माणूस दगावूही शकतो.

बेरियमऐवजी पाजल्या जाणाऱ्या गॅस्ट्रोग्राफिन या द्रव्याची गोष्ट याहून भयंकर. अन्ननलिकेला भोक पडल्याचा संशय असेल तर बेरियम छातीत सांडू नये म्हणून गॅस्ट्रोग्राफिन पाजतात, आणि ते योग्यच. पण तेच फुप्फुसात गेले तर भोवतालचे पाणी ओढून घेते आणि फुप्फुसे पाण्याने भरतात. ठसक्याच्या रुग्णाला तिथे आयोहेक्झॉलसारखे सौम्य द्रव्यच हवे. महाग पडते? अतिदक्षता विभागाचे बिल काय स्वस्त असते?

शहाणपणाची रीत ठाऊक नाही असेही नाही. रुग्णाला ताठ बसवावे, चमच्यापासून सुरुवात करावी, घोट कुठे जातो ते बाजूने चित्रफितीवर पाहावे, शेजारी गिळण्याचे प्रशिक्षण घेतलेला स्पीच थेरपिस्ट असावा, सक्शन यंत्र चालू स्थितीत असावे. नाकातून बारीक दुर्बीण घालूनही गिळणे तपासता येते. तिला ना क्ष-किरण लागतात, ना बेरियम.

आणि घरचे तरी काय कमी? आडव्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात चमच्याने चहा ओततात आणि त्याला सेवा म्हणतात!

चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी तिच्यावर ‘ठसका लागतो’ हे दोन शब्द लाल शाईने लिहावेत. सरकारने गिळण्याचा तज्ज्ञ ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयात बसवावा. आणि एक्स-रे केंद्रवाल्यांनो, ग्लास पुढे करण्याआधी रुग्णाला ठसक्याचे विचारा. तेवढी सवड नसेल, तर दारावरची बेरियमची पाटी आजच उतरवा.