यंत्राच्या सूचीत नसलेले संशोधन

नवी दिल्ली : पूर्वसंशोधनाचा आढावा घेऊन ‘या विषयात अद्याप काय झालेले नाही’ हे दाखवून देणे, हा पीएच.डी.च्या आराखड्याचा कणा मानला जातो. ग्रंथालयात महिनोन्‌महिने बसून लिहिले जाणारे हे प्रकरण कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आता काही मिनिटांत मांडून देतात. मात्र यंत्राने दाखवलेली उणीव ज्ञानातील आहे की केवळ त्याच्या सूचीतील, हे तपासण्याची घाई फारशी कोणाला दिसत नाही.

संगणकाच्या आधारे अशा रिकाम्या जागा हुडकण्याची कल्पना नवी नाही. शिकागो विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक डॉन स्वॉन्सन यांनी 1986 मध्ये वैद्यकीय निबंधांचे दोन गट शेजारी ठेवून वाचले. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे एका गटात नोंदले होते; थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्या ‘रेनो’ विकारात रक्त दाट असते, असे दुसऱ्यात. दोन्ही गटांतील लेखक परस्परांचा उल्लेखही करत नव्हते. हे तेल या विकारावर उपयोगी पडेल, असे अनुमान स्वॉन्सन यांनी मांडले आणि 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय चाचणीत प्राथमिक स्वरूपाच्या रुग्णांबाबत त्याला दुजोरा मिळाला. स्वॉन्सन वैद्यक नव्हते. पण आपण कोणती सूची चाळली, कोणते निबंध वाचले, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आजच्या वापरकर्त्याकडे ही माहिती सहसा नसते. ‘चॅटजीपीटी’ने तयार केलेल्या आढाव्यांतील संदर्भ तपासणारा एक अभ्यास 2023 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जीपीटी-3.5 ने दिलेले 55 टक्के, तर जीपीटी-4 ने दिलेले 18 टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. प्रत्यक्ष सूचीवर आधारलेल्या साधनांत हा धोका बराच कमी होतो. ‘सिमॅंटिक स्कॉलर’ या सूचीत 20 कोटींहून अधिक निबंधांची नोंद आहे. तरीही अनेक साधनांना त्यांपैकी पुष्कळ निबंधांचा केवळ सारांश वाचता येतो, आणि फसलेल्या प्रयोगांवरचे निबंध तर मुळात छापलेच जात नाहीत. दहा जणांनी करून सोडून दिलेले काम त्यामुळे ‘अस्पर्शित क्षेत्र’ म्हणून पुढे येऊ शकते.

भारतीय भाषांच्या बाबतीत ही अडचण अधिक खोल आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात पाच लाखांहून अधिक शोधप्रबंध आहेत. त्यांतील कित्येक केवळ पानांच्या प्रतिमा आहेत. मराठीतील अनेक जुने प्रबंध युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेले आहेत. माणसाला ते स्वच्छ देवनागरीत दिसतात, यंत्राच्या हाती मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ लागतो. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून कार्यरत आहे. त्याच्या त्रैमासिकासारख्या नियतकालिकांतील लेखन मुख्यतः इंग्रजीवर पोसलेल्या सूचींत शोधणेच कठीण. मग पेशवेकालीन महसूल किंवा दख्खनमधील दुष्काळ या विषयांवर ‘पुरेसे संशोधन झालेले नाही’ असा निर्वाळा यंत्राने दिला, तर तो कितपत ग्राह्य धरायचा? विद्यार्थ्याने तो उचलला आणि परीक्षकालाही मराठी साहित्य ठाऊक नसले, तर आधीच्या पिढीचे काम पुसले जाते आणि नव्याची तीन-चार वर्षे त्याच वाटेवर खर्ची पडतात.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेतून 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली होत आहेत. तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपयांची ही तरतूद निःसंशय मोठी आहे. पण ती वर्गणीसाठी आहे. देशी भाषांतील जुन्या अंकांचे वाचनक्षम अंकीकरण हे निराळे आणि अद्याप बरेचसे पडून असलेले काम आहे.

तोवर एक उपाय विद्यापीठांच्या हाती आहे आणि त्याला निधी लागत नाही. वैद्यकातील पद्धतशीर आढाव्यांसाठीच्या ‘प्रिझ्मा’ निकषांनुसार कोणत्या सूची, कोणत्या तारखेला आणि कोणते शब्द वापरून शोधल्या, हे लेखकाला नोंदवावे लागते. हीच अट पीएच.डी.च्या आराखड्याला लावून, त्यात शोधासाठी वापरलेल्या भाषांचा एक रकाना जोडता येईल. मराठवाड्यातील पाण्यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्याने त्या रकान्यात केवळ ‘इंग्रजी’ असे लिहिले, तर संशोधन समितीला पुढचा प्रश्न विचारणे सोपे जाईल.