महायुद्धाचा निकाल आणि शेतकऱ्याचें कोठार

पहिल्या महायुद्धाची हकीकत सांगण्याची जी रीत पडून गेली आहे, तींत सेनापतींचीं नांवें, तोफांची संख्या आणि लढायांच्या तारखा यांसच मान असतो. मार्न, व्हर्डून, सोम हीं नांवें इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतात. परंतु ज्या शेतकऱ्यानें त्या चार वर्षांत दोन्ही पक्षांच्या कोट्यवधि सैनिकांस व त्यांच्या घोड्यांस पोसलें, तो त्या हकीकतींत क्वचितच दिसतो; आणि दिसलाच तर धान्य दडवून ठेवणारा लोभी मनुष्य म्हणून दिसतो. आमच्या वाचकांनीं हें युद्ध एकदां शेताच्या बांधावर उभें राहून पाहावें, अशी आमची विनंति आहे. तसें पाहिलें असतां आमचें मत असें झालें आहे कीं, १९१४ ते १९१८ च्या या झगड्यांत ज्या राष्ट्रांनीं शेतकऱ्याशीं भावाचा व विश्वासाचा व्यवहार ठेविला तीं शेवटपर्यंत टिकलीं. आणि ज्यांनीं त्याच्या कोठारास पहार लाविली त्यांचीं सिंहासनें आंतूनच पोखरलीं गेलीं.

एका बाजूस जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी, त्यांस १९१४ सालींच मिळालेला तुर्कस्थान आणि १९१५ त मिळालेला बल्गेरिया. दुसऱ्या बाजूस फ्रान्स, रशिया व ब्रिटन, त्यांस १९१५ त मिळालेला इटली आणि १९१७ त मिळालेली अमेरिका, असे हे दोन तट होते. ऑगस्ट १९१४ मध्यें, ऐन सुगींत, युद्धाचा भडका उडाला. थोड्याच महिन्यांत निकाल लागेल अशी दोन्ही पक्षांची समजूत होती. जर्मनीनें बेल्जममधून फ्रान्सवर घातलेली धाड सप्टेंबरांत मार्न नदीच्या कांठीं अडली. पुढें दोन्ही सैन्यें खंदक खणून समोरासमोर बसलीं आणि शौर्याच्या परीक्षेबरोबर शिध्याची परीक्षा सुरू झाली. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही आपली म्हण त्या दिवसापासून सर्व युरोपास लागू पडली.

जर्मनीची स्थिति प्रथम पाहूं. तेथील शेती मागासलेली मुळींच नव्हती. उलट ती शास्त्रीय शेती म्हणून नांवाजलेली होती. पण तिचें भांडवल पुष्कळ अंशीं परमुलखांतून येत असे. जनावरांसाठीं सातू रशियांतून, पेंड समुद्रापलीकडून आणि पिकांसाठीं सोरा दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांतून येई. चिलीच्या सोऱ्याचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक जर्मनीच होतें. युद्ध पेटतांच रशियाची सरहद्द बंद झाली, ब्रिटिश आरमारानें समुद्र अडविला, आणि हे तिन्ही झरे आटले. हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याची हाबर व बॉश यांची कृति तेव्हां नवीनच होती. १९१३ सालीं ओपाउ येथें तिचा कारखाना निघाला होता. आज आपल्या शेतांत पडणारा युरिया याच कृतीचें अपत्य आहे. परंतु त्या वेळीं हा नत्र मुख्यतः स्फोटक द्रव्यांत गेला; शेताच्या वांट्यास फार थोडा आला. माणसें खंदकांत गेलीं, घोडे तोफांस जुंपले गेले, जमीन मात्र पूर्वीइतकेंच पीक देईल असें गृहीत धरलें गेलें. जमिनीस कांहीं न देतां तिच्यापासून घेत राहिल्यास काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगण्याची जरूर नाहीं.

यावर कचेरींतील चुकांची भर पडली. १९१४ च्या अखेरीस सरकारनें धान्याचे कमाल भाव बांधले, पण मांसाचे भाव प्रथम मोकळे ठेविले. साहजिकच शेतकऱ्यानें आपलें धान्य व बटाटे बाजारांत न नेतां डुकरांस चारले. यांत त्याचा अपराध कोणता? ज्या मालास भाव तो माल करावा, हें व्यापाऱ्यानें केलें तर त्यास शहाणपण म्हणतात, शेतकऱ्यानें केलें तर राष्ट्रद्रोह! मग पंडितांनीं हिशेब मांडून डुकरांसच राष्ट्राचे शत्रु ठरविलें, आणि १९१५ च्या वसंतऋतूंत निदान ५० लक्ष डुकरें कापविलीं. कांहीं दिवस मांसाचा सुकाळ झाला, पुष्कळसें नीट न टिकल्यानें वायां गेलें; आणि मागाहून चरबीही नाहीं व शेतास खतही नाहीं, अशी अवस्था झाली. १९१६ सालीं ओल्या हवेनें व रोगानें बटाट्याचें पीक आदल्या वर्षाच्या सुमारें निम्म्यावर आलें. त्या हिवाळ्यांत लोकांनीं गुरांना घालावयाचे सलगम खाऊन दिवस काढले. जर्मन लोक आजही त्यास ‘सलगमांचा हिवाळा’ म्हणतात. युद्धकाळांत अन्नाच्या तुटवड्यानें जर्मनींत मेलेल्या नागरिकांची संख्या कोणी सवाचार लक्षांच्या आसपास तर कोणी साडेसात लक्षांहून अधिक धरतात.

रशियाची गोष्ट याहून उद्बोधक आहे. जर्मनींत धान्य कमी पडलें. रशियांत धान्य होतें, आणि तरीही राजधानीस भाकरी मिळाली नाहीं. युद्धापूर्वीं रशिया हा गहूं विकणाऱ्या मोठ्या देशांपैकीं एक होता, आणि त्याचा बहुतेक गहूं काळ्या समुद्रांतून बॉस्फोरस व दार्दानेल्स या सामुद्रधुनींच्या वाटेनें बाहेर जात असे. १९१४ च्या शरदऋतूंत तुर्कांनीं ती वाट बंद केली. परदेशीं जाणारें धान्य घरींच राहिलें, तेव्हां सुबत्ता व्हावयास हवी होती. पण सुमारें दीड कोटि माणसें सैन्यांत ओढलीं गेलीं. कारखाने तोफगोळे करूं लागले. नांगराचा फाळ, खिळे, कापड यांची खेड्यांत टंचाई झाली. आणि रेल्वेचे डबे आघाडीच्या कामीं गुंतले. सरकार धान्याबद्दल नोटा देत होतें, परंतु त्या नोटांनीं विकत घ्यावें असें बाजारांत कांहीं उरलें नव्हतें. शेतकऱ्यानें धान्य घरींच ठेविलें. डिसेंबर १९१६ मध्यें सरकारनें प्रांताप्रांतावर सक्तीचा वसूल बसविला. तो पुरेसा आला नाहीं. ८ मार्च १९१७ रोजीं पेट्रोग्राडच्या स्त्रिया भाकरीसाठीं रस्त्यावर आल्या, कांहीं दिवसांत त्यांच्यावर पाठविलेलें सैन्यच त्यांस जाऊन मिळालें, आणि १५ मार्च रोजीं झारनें राज्य सोडलें. तीनशें वर्षांचें राजघराणें आठवडाभरांत गेलें.

काळ्या समुद्राची ती वाट उघडावी म्हणून दोस्तांनीं १९१५ त गॅलिपोलीवर स्वारी केली होती. ती फसून जानेवारी १९१६ त त्यांस परतावें लागलें. तुर्कांशीं चाललेल्या याच युद्धाच्या दुसऱ्या टोकास, मेसोपोटेमियांत, आमच्या मुलखाचा संबंध येतो. टायग्रिस नदीच्या कांठीं कुत या गांवीं ६ वी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडली. तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. म्हणजे दख्खन व कोंकणांतील शेतकऱ्यांचींच मुलें होतीं. शिधा संपत आला तेव्हां घोडे व खेचरें कापण्यांत आलीं. पुष्कळ हिंदी शिपायांनीं तें मांस प्रथम शिवलेंही नाहीं. विमानांतून शिधा टाकून पाहिला, तो पुरला नाहीं. २७० टन शिधा घेऊन निघालेली जुलनार नांवाची बोट नदींत अडकून शत्रूच्या हातीं पडली. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं, आणि त्यांपैकीं फार मोठा भाग कैदेंत मेला. हे शिपाई पराक्रमांत उणे पडले नव्हते; उणें पडलें तें पीठ.

आतां ब्रिटनकडे वळूं. हें राष्ट्र तर आपल्या गव्हाचा सुमारें चारपंचमांश भाग बाहेरून आणीत असे. जर्मनीनें १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांनीं दिसेल तें जहाज बुडविण्याचें धोरण आरंभिलें; एकट्या एप्रिल महिन्यांत साडेआठ लक्ष टनांहून अधिक जहाजें समुद्राच्या तळाशीं गेलीं. ब्रिटननें दोन उपाय केले. समुद्रावर जहाजांचे तांडे करून लढाऊ नौकांच्या पहाऱ्यांत नेण्यास मे १९१७ पासून आरंभ केला. आणि जमिनीवर, ऑगस्ट १९१७ मध्यें धान्योत्पादनाचा कायदा करून गहूं व ओट यांच्या किमान भावाची कित्येक वर्षांची हमी दिली. त्याच कायद्यानें शेतमजुरांस किमान मजुरीही बांधून दिली. शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्यांचीं कुरणें नांगरलीं. युद्धांत उतरलेल्या अमेरिकेनेंही तेंच केलें: हर्बर्ट हूव्हर यांच्या हातीं अन्नखातें देऊन १९१७ च्या गव्हास बुशेलमागें २ डॉलर २० सेंट भाव ठरविला, आणि तेथील शेतकऱ्यानें पेरा वाढविला. हा भाव मोकळ्या बाजारापेक्षां कमी आहे अशी तेथेंही कुरकुर होती. परंतु तो आगाऊ ठाऊक होता, म्हणून शेतकऱ्यास त्याच्या भरंवशावर पेरतां आलें.

१९१८ सालच्या घटना याच दृष्टीनें वाचण्यासारख्या आहेत. जानेवारींत व्हिएन्नांत पिठाचा शिधा कमी केला आणि कारखान्याकारखान्यांतून संप झाले. ९ फेब्रुवारी रोजीं जर्मनी व ऑस्ट्रिया यांनीं युक्रेनशीं तह केला. त्यास लोक भाकरीचा तह म्हणत, कारण त्यांत १० लक्ष टन धान्याचा करार होता. प्रत्यक्षांत त्याचा थोडाच अंश हातीं लागला. संगिनी रोखून धान्य काढण्यासाठीं तेथें लक्षावधि सैन्य अडकून पडलें, शेतकऱ्यांनीं बंडें केलीं, आणि ३० जुलै रोजीं जर्मन सेनापति आइखहोर्न याचा कीव्ह शहरांत वध झाला. हेंच सैन्य मार्चमध्यें फ्रान्सच्या मैदानावर हवें होतें. त्या मैदानावर २१ मार्च रोजीं जर्मनांनीं निकराचा हल्ला चढविला; पण अर्धपोटीं सैनिक शत्रूच्या जिंकलेल्या कोठारांपाशींच खाण्यापिण्यांत गुंतून पडल्याचे प्रकार घडले. पुढील हकीकत सर्वश्रुत आहे: २९ सप्टेंबरास बल्गेरिया, ३० ऑक्टोबरास तुर्कस्थान, ३ नोव्हेंबरास ऑस्ट्रिया आणि ११ नोव्हेंबरास जर्मनी यांनीं युद्धतहकुबी पत्करली.

यावर कोणी म्हणेल कीं, निकाल अमेरिकेच्या ताज्या सैन्यानें, रणगाड्यांनीं व फ्रान्सच्या चिवटपणानें लाविला. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु चार वर्षें भूक सोसलेलें राष्ट्र आणि पोट भरलेलें राष्ट्र यांच्यावर एकच आघात सारखा बसत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

विजयी राष्ट्रांतील शेतकऱ्यास तरी काय मिळालें? ब्रिटनमध्यें १९२० सालीं हमीचा कायदा पुन्हां पक्का करून, ती काढावयाची झाल्यास चार वर्षांची आगाऊ सूचना देऊं, असें वचन पार्लमेंटनें दिलें. पुढच्याच वर्षीं, १९२१ त, भाव कोसळूं लागतांच तो कायदा रद्द झाला. शेतकऱ्याच्या हातावर एकरीं कांहीं ठोक रक्कम ठेविली गेली, आणि मजुरांची किमान मजुरी तर सरळच गेली. अमेरिकेंतही १९२० च्या उन्हाळ्यापासून भाव कोसळले, आणि युद्धाच्या तेजींत कर्ज काढून जमीन घेतलेले शेतकरी बुडाले. गरज सरो आणि वैद्य मरो, हा न्याय दोन्ही देशांत सारखाच लागला.

ही शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट म्हणून सोडून देतां येण्यासारखी नाहीं. १९१५ सालीं हिंदुस्थान सरकारनें गव्हाची खासगी निर्गत बंद करून ती आपल्या हातीं घेतली. जगांत गहूं महाग असतां तो लाभ येथील शेतकऱ्यापर्यंत पोहोंचूं दिला नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशिया-युक्रेन युद्ध भडकलें, त्याच काळ्या समुद्राची वाट अडली, खतें महागलीं, गव्हाचा भाव जगभर चढला. आणि १३ मे २०२२ रोजीं आपल्याकडे गव्हाची निर्गत पुन्हां बंद झाली. गरिबाच्या ताटांतील पोळी महाग होऊं नये, हें सरकारचें कर्तव्य आम्हांस मान्य आहे. पण त्या पोळीची तूट एकट्या शेतकऱ्यानेंच कां भरावी, हा प्रश्न आम्ही विचारतों.

आमच्या सभासद बंधूंनीं या इतिहासांतून तीन गोष्टी पदरीं बांधाव्या. मालाच्या भावास कमाल मर्यादा घालणाऱ्यानें खत, तेल व अवजारें यांच्या भावांसही मर्यादा घातली पाहिजे, हा आग्रह सोडूं नये. भावाची हमी मिळाली तर तिची मुदत विचारावी, व संकट सरल्यावर तिचें काय होणार तेंही विचारावें. आणि पिकाच्या खर्चाचा हिशेब, बियाण्याचा सांठा व मालाचें गोदाम हीं आपल्या सोसायटीच्या ताब्यांत ठेवावीं. कारण कायदा एका वर्षांत रद्द होतो, हें ब्रिटनच्या शेतकऱ्यानें अनुभवलें आहे, आणि ज्याच्याजवळ हिशेब व गोदाम आहे त्याच्याशीं मात्र सर्वांस बोलणें करावें लागतें. पुढें संकट आलें तर देश पुन्हां आपल्याच दाराशीं येईल. त्याला आपण रित्या हातानें परत पाठविणार नाहीं. परंतु बोलणें बरोबरीच्या नात्यानें व्हावें, आणि त्याची तयारी स्वस्थतेच्या दिवसांतच केली पाहिजे.