‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह, म्हणून निर्धास्त?

आपल्याकडे सांधा कुठलाही दुखो, त्याला नाव एकच: वात. सत्तरीतल्या सासूचे गुडघे दुखले तरी वात आणि पस्तिशीतल्या सुनेची बोटे सुजली तरी वातच. प्रत्यक्षात हे दोन आजार अगदी वेगळे असू शकतात. सासूच्या गुडघ्यातील कूर्चा बहुधा वयानुसार झिजलेली असते. सुनेच्या बोटांत मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असण्याची शक्यता असते. या आजाराला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, बोलीभाषेत आमवात. त्यात सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, ते जाड होते आणि शेजारचे हाड पोखरू लागते. एकदा पोखरले गेलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. ही हानी अनेकांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. त्यामुळे निदानाला लागलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

हा आजार दुर्मीळही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सर्वेक्षण झाले. त्यात प्रौढांमधील त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे दोन हजार प्रौढांच्या गावात साधारण दहा रुग्ण. त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दोन-तीन पट असतात.

मग निदानाला उशीर का होतो? घरातील बाईचे दुखणे अंगावर काढले जाते, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे रक्ताच्या अहवालावरचा आंधळा विश्वास. सांधे दुखतात म्हटले की ‘आरए फॅक्टर’, ‘एएसओ’, युरिक ॲसिड अशा तपासण्यांचा संच केला जातो. ‘आरए’ निगेटिव्ह आला की ‘वात नाही’ असे सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. पण या आजाराच्या दर चार-पाच रुग्णांपैकी एकाच्या रक्तात हा घटक सापडतच नाही. उलट काही निरोगी वृद्धांत, तसेच क्षयरोग किंवा हिपॅटायटिस-सी झालेल्यांत तो सापडू शकतो. ‘अँटी-सीसीपी’ ही तपासणी अधिक नेमकी आहे, तरी तीही निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे ठरत नाही. ‘एएसओ’चा तर या आजाराशी संबंधच नाही, ती घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गाची खूण आहे. सुरुवातीच्या काळात एक्स-रेदेखील स्वच्छ दिसू शकतो.

निदानाची सुरुवात होते ती रुग्णाचे ऐकण्यापासून. सकाळी उठल्यावर मूठ वळायला किती वेळ लागतो? झिजेच्या दुखण्यात आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो आणि कामाने दुखणे वाढते. आमवातात तो तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो आणि हालचालीने कमी होतो. कणीक मळता येते का, बांगडी चढते का, दोन्ही हातांचे सांधे सुजले आहेत का, हे विचारायला आणि बोटांच्या मुळाचे सांधे हलके दाबून पाहायला पाच मिनिटे पुरतात. आधी ताप येऊन गेला का, हेही विचारायला हवे, कारण चिकुनगुनियानंतर सांधे कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने दुखत राहतात. अहवालाचे काम संशयाला बळकटी देण्याचे. संशय मात्र डॉक्टरच्या मनात यायला हवा.

निदान लांबले की रुग्ण ‘हमखास उतार’ देणाऱ्या पुड्यांकडे वळतो. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड मिसळलेले असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोन वापरले, तेव्हा काही दिवसांतच पडलेला फरक पाहून जग थक्क झाले. १९५० मध्ये हेंच यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण तोवर दुष्परिणामही दिसू लागले होते. योग्य मात्रेत, थोड्या काळासाठी स्टेरॉइड आजही उपयोगी आहे. पुडीतून मात्र ते मोजमापाविना जाते आणि मधुमेह, ठिसूळ हाडे, जंतुसंसर्ग यांना आमंत्रण देते. शिवाय ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

खरे तर मेथोट्रेक्सेट हे या आजाराचे मुख्य औषध स्वस्त आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवून तो चिठ्ठीवर ठळक मराठीत लिहून द्यायला हवा. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर धीर आणि अधूनमधून रक्ततपासणी आवश्यक असते. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

सहा आठवड्यांच्या आत रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचावा, अशी ‘युलर’ या युरोपीय संस्थेची शिफारस आहे. प्रत्येक तालुक्यात तज्ज्ञ मिळणे अवघड आहे, हे मान्य. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना वरील प्रश्न विचारण्याचे आणि सांधे तपासण्याचे प्रशिक्षण देणे, जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस संधिवाताचा बाह्यरुग्ण विभाग चालवणे आणि तिथे मेथोट्रेक्सेट अखंड उपलब्ध ठेवणे यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. घरच्यांनीही एवढे करावे: बोटांची सूज आणि सकाळचा आखडलेपणा सहा आठवड्यांत गेला नाही, तर जुना अहवाल निगेटिव्ह असला तरी तिला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.